कापसाच्या खोलीतला सवाल

अमडापूर, ता. चिखली
८ डिसेंबर २०२४

कलगीवाले शाहीर फकीर मोहम्मद यांस,

वर नमस्कार लिहिलेला नाही, तो विसरून नव्हे. लोणारच्या जत्रेतल्या सामन्यानंतर मी शपथ घेतली होती की या माणसाशी जन्मात बोलणार नाही. लिहिण्याबद्दल शपथेत काही नव्हतं, म्हणून लिहितो.

तुम्ही कलगीचे, मी तुऱ्याचा. तुमची बाजू म्हणते आधी माया, मग ब्रह्म. आमची म्हणते आधी ब्रह्म. एवढ्या एका गोष्टीवरून डफ बडवत, भर चौकात एकमेकांच्या अकलेचे वाभाडे काढत आपण दोघांनी उमर घालवली. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या शेवटच्या सामन्याची आहे. मी शेवटचा सवाल टाकला. तुम्ही माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, डफ काखेत मारला आणि मंचावरून उतरून चालते झालात. उत्तर येत नाही म्हणाला असता तर चाललं असतं, शाहिराला हरण्यात कमीपणा नाही. पण हा भगवानराव उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही, असं तुम्ही चारचौघांत दाखवून दिलंत. पंचांनी हार माझ्या गळ्यात घातला आणि तोंड लपवत घरीही मीच आलो.

आता कामाचं. आमच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचा स्टुडिओ झाला आहे. हसून घ्या.

माझा मुलगा गोकुळ भाव यायची वाट बघत बसला आहे, म्हणून समोरच्या खोलीत दारापुढची थोडी जागा सोडून कापूस आढ्यापर्यंत भरलेला आहे. त्याची बायको योगिनी लग्नातली गाणी म्हणते आणि मोबाईलवर भरून लोकांना पाठवते. स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलं तर कुकर बोलतो, ओसरीत गिरणी बोलते, माडीवर टिनं तडतडतात. एक दिवस ती कापसाच्या खोलीत सूप शोधायला गेली आणि खोकली. म्हणाली, मामाजी, खोकला भिंतीपर्यंत गेलाच नाही, तोंडापुढेच मेला. त्या दिवसापासून तिनं खोलीचा ताबा घेतला. मोडक्या पंख्याच्या दांड्याला बोंडाएवढा माईक बांधला, त्यावर धुतलेला पायमोजा चढवला, दाराला गोधडी लावली. लॅपटॉप चिखलीतल्या कुणाच्या तरी घरातला, जुना. त्याची वायर काढली की तो जीव सोडतो.

मी त्या खोलीत माझे सगळे सवाल गायलो. शास्त्राप्रमाणे प्रत्येक सवालानंतर थांबलो. समोरून कोण बोलणार, कापूस? योगिनी म्हणाली, रिकाम्या जागा कापून टाकते. कापल्या, तर बसस्टँडवर एकटाच बडबडणारा माणूस ऐकतोय असं वाटलं. मग आमच्या फडातल्या अर्जुनरावाला तुमची उत्तरं म्हणायला लावली. तो इतक्या आदरानं गातो की मला ओकारी यायची बाकी राहिली.

माझ्या छातीत आता दम उरत नाही. मागे काहीतरी राहावं आणि ते अर्धं राहू नये, एवढीच इच्छा आहे. उत्तर नसलेला सवाल म्हणजे म्हाताऱ्याची कटकट. उत्तरं दुर्दैवानं तुमच्याकडेच आहेत. ती द्या, आणि पळून गेलात त्या शेवटच्या सवालाचंही द्या. कापसाला भाव आला की खोली रिकामी होईल, तेव्हा शहाणपणा लवकर सुचू द्या.

भगवानराव

---

लोणार
१७ डिसेंबर २०२४

भगवानराव,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दुकानात गादीला टाके घालत होतो. माझी सून मलिहा म्हणाली, फेकून द्या अब्बा. मी म्हटलं, रद्दीत जायच्या आधी वाचून तर घेऊ, टाइमपास होईल. झाला.

कापूस आवाज खातो हा शोध तुम्ही या वयात लावलात, मुबारक. आमच्या सात पिढ्या कापूस पिंजण्यात गेल्या. गाद्यांच्या थप्प्यांत बसून मी रियाज केला आहे आणि माझ्या बायकोला, नूरजहांला, शेजारच्या खोलीत पत्ता लागलेला नाही. पण सरकीसकट कच्च्या कापसात बसून गाणारा शहाणा मी पहिल्यांदाच ऐकतो. अंगाला खाज सुटली असेल. सुटू द्या, तेवढंच गाण्यात काहीतरी हललं म्हणायचं.

अर्जुनरावाकडून कलगीची उत्तरं म्हणून घेतलीत. तो तुमच्या मागे जी-जी म्हणण्यात म्हातारा झाला. त्यानं उत्तर दिलं तरी ते 'जी' असंच ऐकू येणार.

मंचावरून का उतरलो ते विचारलेलं नाही, नुसतं रडलेलं आहे, म्हणून सांगत नाही. कलगीचा शाहीर केरकचऱ्याला उत्तर देत नाही, एवढं समजून चाला. तरीपण तुम्ही इतक्या लाचारीनं मागताय, तर देतो. अट एकच. सगळे सवाल कागदावर लिहून पाठवा, शेवटचासुद्धा. तुमचं गाणं पहिल्यापासून तोंडात सुपारी धरल्यासारखं. ते ऐकत बसायची मला फुरसत नाही.

फकीर मोहम्मद

---

अमडापूर
२६ डिसेंबर २०२४

शाहीर,

सवाल कागदावर? तुमच्या गुरूनं हे वाचलं असतं तर कबरीत कूस बदलली असती. माझ्या गुरूंनी मरेपर्यंत वही पेटीत कुलूप घालून ठेवली, माझी बायको रुखमाबाई पेटीजवळ झाडायला गेली तरी ओरडायचे. समोरच्या फडाला सवाल लिहून द्यायचा म्हणजे पैलवानानं आदल्या दिवशी चिठ्ठी पाठवायची, की मी उजवीकडून येणार आहे. सवाल गायचा असतो आणि उभ्यानं ऐकायचा असतो. हे मला कलगीच्या शाहिराला शिकवावं लागतं, म्हणजे तुमच्याकडे पालथ्या घड्यावर पाणीच ओतलं गेलं म्हणायचं.

अर्जुनराव लेकीकडे लोणारला निघाला आहे. त्याच्याजवळ मेमरी कार्ड दिलं आहे, ते मोबाईलमध्ये घाला. प्रत्येक सवालामागे नुसता डफ वाजत राहतो, तेवढ्या जागेत तुमचं उत्तर बसवा. दुसरा मोबाईल पुढे ठेवून त्यात स्वतःचा आवाज भरा. योगिनीनं बजावलं आहे की ऐकताना हेडफोन लावाच, नाहीतर माझा आवाज तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरेल आणि दोन भगवानराव होतील. तुम्हाला एक झेपला नाही.

हे भरायला आम्हाला काय पडलं ते तुम्हाला कळायचं नाही. सकाळी ग्रामपंचायतीची मोटर, दुपारी कांद्याच्या गाडीचा भोंगा, संध्याकाळी लाईट नाही. मध्येच फुकटचं ॲप थांबून तेलाची जाहिरात दाखवतं. एका सवालात मी शिंकलो. योगिनी ती शिंक काढायला बसली, तर शिंकेबरोबर ब्रह्मही गेलं आणि सगळा सवाल पुन्हा गावा लागला. खाजेबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण मी खाजवत गायलेला सवालही तुमच्या न खाजवता गायलेल्या उत्तराला भारी आहे.

भगवानराव

---

लोणार
११ जानेवारी २०२५

भगवानराव,

कार्ड परत पाठवलं आहे, अर्जुनरावाच्याच हाती. त्याला चहा पाजला. तुमचं नाव निघालं नाही, म्हणून गोड लागला.

उत्तरं भरली आहेत. मलिहानं रजयांची खोपटी करून त्यात मोबाईल ठेवला आणि मला तोंड आत घालायला सांगितलं. आमच्या दुकानात एवढं बिनखर्ची काम तिनंच केलं असतं. हेडफोन मी लावले नाहीत. कानात बोळे घालून गायला मी काय बाळंतीण आहे? शाहिराचा कान मोकळा पाहिजे. तुमचे सवाल मला नव्यानं ऐकायची गरजही नाही. त्याच त्या जुन्या सवालांची आपण दोघांनी गावोगाव वरात काढली आहे, मला झोपेतही त्यांचा क्रम सांगता येतो. मलिहा हातानं खूण करायची, मी सुरू व्हायचो.

शेवटच्या सवालाची जागा रिकामी सोडली आहे. तो तेव्हाही उत्तराच्या लायकीचा नव्हता आणि आजही नाही.

मलिहानं तुमच्या सुनेला सलाम कळवला आहे. तिनं आवाज फार साफ भरला आहे म्हणते. तुम्ही त्यात आहात हा तिचा दोष नाही.

फकीर मोहम्मद

---

अमडापूर
२० जानेवारी २०२५

फकीर मोहम्मद,

कार्ड ऐकलं. मी, योगिनी आणि रुखमाबाई कापसात रांगेनं बसून ऐकलं.

आधी माझा गुन्हा सांगतो, कारण मला त्याचा अभिमान आहे. तुम्ही पाठांतरावर वेळ मारून न्याल अशी शंका होती, म्हणून या वेळी सवालांचा क्रम मी मुद्दाम बदलला होता. तुम्ही जुन्याच क्रमानं उत्तरं दिलीत. मी विचारतो चंद्रावर डाग कुणाचा, तुम्ही सांगता समुद्र खारट का. मी विचारतो बीज आधी की झाड, तुम्ही सांगता चंद्रावर डाग कुणाचा. आवाज असा लावलाय की माईक फाटतो, जणू मी जानेफळात उभा आहे आणि तुम्हाला मला लोणारातूनच ऐकवायचं आहे. तुमचा डफ एकीकडे, माझा दुसरीकडे. मी मांडी ठोकून हसलो. रुखमाबाईला म्हटलं, पहा, सारी उमर ज्याला भ्यालो तो असा निघाला.

तेव्हा योगिनीनं कानातून हेडफोन काढले आणि म्हणाली, "मामाजी, हसून नका राहू. त्याइले ऐकूच येत नाही."

मी म्हटलं, काहीतरीच. ती म्हणाली, "मंग क्रम बदलला हे त्याइले काऊन नाही समजलं? तुमचे सवाल तर खणखणीत भरले हायेत."

मग मला जत्रेतलं तुमचं तोंड आठवलं. तुम्ही माझ्या ओठांकडे पाहत होतात. मी त्याला गुर्मी समजलो.

मला दया आली आहे असा गैरसमज करून घेऊ नका. मला संताप आला आहे. इतकी वर्षं मी एका गर्विष्ठ शाहिराचा तिरस्कार केला आणि तो तिरस्कार मला पुरत होता. त्याच्यावर मी जगलो. आता कळतं की समोर बहिरा उभा होता. बहिऱ्याला सवाल टाकून मी हार घालून घेतला. आंधळ्याशी नेम धरायची पैज लावून जिंकल्यासारखं झालं हे. एकदा 'परत म्हणा' म्हणाला असता तर मी परत म्हटलं असतं. पण तुम्हाला अडाणी दिसण्यापेक्षा उद्धट दिसणं बरं वाटलं, आणि त्याची किंमत माझ्या इज्जतीतून वसूल केलीत.

खरं काय ते लिहा. गुरुवारी जिनिंगची गाडी येणार आहे, गोकुळला एकदाचा भाव पटला.

भगवानराव

---

अमडापूर
१६ फेब्रुवारी २०२५

फकीर मोहम्मद,

उत्तर न देणं हा तुमचा जुनाच धंदा, त्यामुळे नवल वाटलं नाही.

कापूस गेला. योगिनीनं रिकाम्या खोलीत तोंड उघडलं तर चार योगिनी बोलल्या. तिनं माईक गुंडाळून ठेवला आणि दोन दिवस गोकुळशी धड बोलली नाही. गोकुळला कळेना की भाव चांगला येऊनही बायकोचं तोंड का वाकडं.

सोबत कार्ड पाठवतो. त्यात एकच सवाल आहे, शेवटचा. कापूस जायच्या आधी पुन्हा गाऊन घेतला. हळू गायलेला नाही, सोपा केलेला नाही. तुम्हाला सवलत दिली असं मी मेल्यावरही कुणी म्हणता कामा नये. योगिनीनं फक्त आवाज वाढवला आहे, आणि तिचे स्वतःचे मोठे हेडफोन पाठवले आहेत. ते बाळंतिणीचे बोळे नाहीत, पूर्ण कान झाकतात. लावा आणि ऐका. नसेल लावायचं तर तसं लिहा, म्हणजे मी सगळं पुसून टाकतो. माझे सवालसुद्धा. अर्धं ठेवून मला काही करायचं नाही.

भगवानराव

---

लोणार
२७ फेब्रुवारी २०२५

भगवानराव,

लिहायला उशीर झाला, कारण तुमच्या मागच्या पत्राला शिव्या सोडून काही सुचत नव्हतं आणि शिव्यासुद्धा तुमच्या लायकीच्या सापडेनात.

हो, ऐकू येत नाही. पिंजणाचं मशीन दुकानात आणल्यापासून कान हळूहळू गेले. आधी चिमण्या गेल्या, मग घड्याळ, मग माणसं. नूरजहांला तेवढं कळलं होतं. ती ओरडून बोलायला लागली, तर मोहल्ल्याला वाटलं आमची भांडणं वाढली. तिनंही तसंच वाटू दिलं. जत्रेच्या दिवशी जुने सवाल मला पाठ होते, तुमच्या ओठांवरून आणि डफाच्या हातावरून निभावून नेत होतो. शेवटचा नवीन होता. तुमचं तोंड हललं, थांबलं, आणि हजार माणसं माझ्याकडे पाहायला लागली. 'परत म्हणा' म्हटलं असतं, तर दुसऱ्यांदाही कळलं नसतं, आणि तिसऱ्यांदाही. कलगीचा शाहीर बहिरा झाला हे लोणारात सांगत फिरण्यापेक्षा तुमचा अपमान करणं मला स्वस्त वाटलं. तुम्ही होतातच त्यासाठी.

काल हेडफोन लावले. मलिहानं आवाज पूर्ण वाढवला. इतका की ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांनी तुमचा आवाज आत शिरला. फार खराब झाला आहे. खालच्या पट्टीत खरखरतो, दम टिकत नाही, आणि शेवटचं अक्षर गिळायची घाणेरडी सवय अजून तशीच आहे. मी तो पुन्हा लावला. मग पुन्हा. मलिहा आत आली तेव्हा मी रडत होतो. तिला सांगितलं, गाणं इतकं भिकार आहे म्हणून.

मग सवाल ऐकला.

शून्यामधी नाद उठला, तवा कान कुणाले होता?
ऐकणाराच नव्हता तर, तो नाद म्हणावा कोणता?

म्हणजे ऐकणारं ब्रह्म आधी, नादाची माया मागून, हे माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं. सवाल चांगला आहे. हे तीन शब्द लिहायला मला अर्धा दिवस लागला. आणि दुसरं लिहितो, तेही वाचा. त्या दिवशी मला स्वच्छ ऐकू आलं असतं, तरी उत्तर आलं नसतं. मला माहीत नव्हतं. तुम्ही बहिऱ्याला हरवलं नाही, शाहिराला हरवलंत. तो हार तुमचाच आहे, त्याबद्दल रडगाणं बंद करा.

पण आज मला उत्तर येतं, आणि ते कान गेल्यामुळंच येतं. मी डफ वाजवतो तेव्हा मला काही ऐकू येत नाही. तरी हाताला कळतं की चामडं ओलं आहे, थाप चुकली आहे, की बरोबर बसली आहे. कार्डात भरून पाठवलं आहे. गाद्यांच्या दुकानात, तुमचे हेडफोन लावून, तुमच्याच डफावर:

माझे कान मेले शाहिरा, डफ मेला नाही अजून,
तळहाताले नाद कळतो, कान येतो मागून.

आधी नाद, ऐकणारा मागून. आधी माया. उत्तर द्या.

आमची गाद्यांची खोली कधी रिकामी होत नाही. सुनेला सांगा, गाणं भरायचं असेल तर येत जा, मलिहा वाट पाहते. सोबत म्हाताऱ्याला आणलं तरी चालेल, गाद्यांवर डाग पाडू नका म्हणावं.

फकीर मोहम्मद

---

अमडापूर
१० मार्च २०२५

फकीर मोहम्मद,

तुझं उत्तर ऐकलं. या वेळी तू माझ्या डफावर नेमका बसलास, योगिनीला काही कापावं लागलं नाही. तिनं सवाल आणि जवाब एकाला एक जोडून दिले. ऐकून संपल्यावर रुखमाबाईनं विचारलं, "मंग? हारले का नाही?" मी तिला जेवण वाढायला सांगितलं.

त्यानंतर रिकाम्या खोलीत गेलो. कोपऱ्यात राहिलेला कापूस दोन्ही कानांत गच्च कोंबला, डफ मांडीवर घेतला आणि वाजवला. दुपारभर वाजवला. गोकुळ दारात येऊन काहीतरी विचारून गेला, ते कळलं नाही. हाताला सगळं कळत होतं.

तरीपण तुझं उत्तर चुकीचं आहे. ते का चुकीचं आहे, हे मला अजून सापडलेलं नाही. रोजे संपले, ईद झाली की योगिनीला घेऊन मी येतो. तोपर्यंत शोधतो, आणि तोपर्यंत नाही सापडलं तर पुढेही शोधत राहतो.

सापडेपर्यंत मरू नकोस.

भगवान